खंभातच्या तळाशी पुन्हा काय शोधायचं : शहर की जुना किनारा?

(ही चर्चा आहे. प्रत्येक मताच्या आधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव दिलं आहे.)

ओहोटी

मे २००१ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी खंभातच्या आखातात बुडालेल्या वस्तीच्या खुणा सापडल्याचं जाहीर केलं. पाहणी चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेची होती. किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर, ३० ते ४० मीटर पाण्याखाली, साइड-स्कॅन सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेल्या तळाच्या चित्रांत चौकोनी रचना दिसल्या. नंतर तळावर ड्रेज ओढून दगड, मातीचे तुकडे, हाडं आणि लाकूड वर काढलं. त्या लाकडाचं कार्बन वय लखनौच्या प्रयोगशाळेत इसवी सनापूर्वी सुमारे ५५०० आलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत सुमारे ७५००. आजही दर काही महिन्यांनी कोणीतरी हाच दावा नव्याने पसरवतो आणि खाली मागणी येते, 'पुन्हा मोहीम काढा'.

मोहीम काढावी, पण शहरासाठी नाही, असं माझं मत आहे. ड्रेज म्हणजे तळावरून खरवडत जाणारी लोखंडी पेटी. ती वर आली की कुठली वस्तू कुठल्या थरातली, शेजारी काय होतं, हे सगळं संपलेलं असतं. उत्खननात आपण एका खापराचीही खोली सेंटिमीटरमध्ये लिहितो. इथे शेकडो मीटरच्या पट्ट्यातला माल एका ढिगात येतो. आणि लाकडाचं कार्बन वय म्हणजे झाड कधी मेलं याचं वय. नर्मदा, तापी, मही, साबरमती या चारही नद्या याच आखातात ओंडके आणून टाकतात.

तेव्हा आधी जुना किनारा नकाशावर आणावा. नऊ हजार वर्षांपूर्वी खाडी कुठे होती, खाजण कुठे होतं, गोडं पाणी कुठे मिळत होतं, हे कळल्याशिवाय वस्ती कुठे शोधायची हेच ठरत नाही.

भूस्तर

ओहोटी, ड्रेजबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. पण त्यावरून जो निष्कर्ष काढताय तो उलटा आहे. पद्धत वाईट होती म्हणून जागा वाईट ठरत नाही. नीट नमुने घेतले गेले नाहीत, हेच परत जाण्याचं कारण आहे.

त्या रचना बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या कडेने सापडल्या आहेत. माणूस राहील तर तिथेच राहील. खाडीच्या तोंडाशी मासे, कालवं, गोडं पाणी, होडी लावायला जागा, सगळं एकाच ठिकाणी. हडप्पाकालीन लोथल याच आखाताच्या डोक्याशी आहे आणि आज समुद्रापासून आत पडलं आहे. म्हणजे या किनाऱ्यावर किनारा सरकतो आणि माणूस त्याच्या मागे जातो, हे सिद्ध झालेलं आहे.

लोक म्हणतात, ४० मीटर खोली त्या काळाशी जुळत नाही. खंभातचं आखात ही खचदरी आहे, दोन्ही बाजूंना भ्रंश, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगा, आहेत आणि मधला भूभाग कोट्यवधी वर्षं खचत आला आहे. १६ जून १८१९ च्या भूकंपात कच्छमध्ये सिंद्रीचा किल्ला एका दिवसात पाण्याखाली गेला आणि शेजारी अल्लाह बंध नावाचा उंचवटा वर उचलला गेला. मग खंभातमध्ये जमीन खचलीच नसेल, असं आधीच गृहीत का धरायचं?

शिंपला

खोलीचा मुद्दा आकड्यांनी मांडते, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते.

आपल्या पश्चिम किनाऱ्याची समुद्रपातळीची वक्ररेषा १९९५ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी सुधारून मांडली. ढोबळ चित्र असं : १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १०० मीटर खाली, १२,५०० वर्षांपूर्वी ८० मीटर खाली. मग अडीच हजार वर्षं जवळजवळ स्थिर. त्यानंतर दहा हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात हजार वर्षांना सुमारे २० मीटर या वेगाने चढला. ही कच्ची, म्हणजे दुरुस्ती न केलेली, रेडिओकार्बन वर्षं आहेत. कॅलेंडर वर्षांत आणली की आकडे मागे सरकतात : दहा हजार रेडिओकार्बन वर्षं म्हणजे साधारण साडेअकरा हजार खरी वर्षं. अर्धे लेख एका बाजूला कच्चं वय आणि दुसऱ्या बाजूला कॅलेंडर वय ठेवून तुलना करतात. त्यात हजार-दीड हजार वर्षं, म्हणजे वीस-तीस मीटर, सहज हरवतात.

आता इसवी सनापूर्वी ७५००, म्हणजे आजपासून सुमारे साडेनऊ हजार वर्षं. जगभरच्या नोंदींनुसार तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा २५ ते ३० मीटर खाली होता. मग ४० मीटरवरचा तळ तेव्हाही पाण्याखालीच होता. लखनौचं वय घेतलं तर समुद्र आणखी वर आलेला, अडचण आणखी मोठी. तिथे वस्ती होती असं म्हणायचं तर जमीन निदान १० ते १५ मीटर खचली, हे वेगळ्या पुराव्याने दाखवावं लागेल. 'वस्ती खोल आहे म्हणून जमीन खचली, आणि जमीन खचली म्हणून वस्ती खोल आहे' हे वर्तुळ आहे, पुरावा नाही. सिंद्री एका भूकंपात काही मीटर खचलं, दहा-पंधरा नव्हे.

दोन प्रयोगशाळांमधला दोन हजार वर्षांचा फरकही असाच सोडून दिला जातो. एकाच खोडाच्या आतल्या आणि बाहेरच्या वलयांत शंभर-दोनशे वर्षांचा फरक पडेल, दोन हजारांचा नाही. असा निकाल आला की तिसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचं, तेही ओंडका नाही तर बी, पान किंवा बारीक काटकी.

तळमाप

चौकोनी रचनांबद्दल फक्त सोनारच्या बाजूने बोलतो.

साइड-स्कॅनचा मासा, म्हणजे जहाजामागे ओढायचं उपकरण, तळापासून ठरावीक उंचीवर आणि सरळ जावा लागतो. ही उंची साधारण एका बाजूच्या पल्ल्याच्या १० ते २० टक्के ठेवतात. खंभातमध्ये भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या वर जातो आणि प्रवाह इतका जोरात की मासा सतत डोलतो. तो डोलला की चित्रात समांतर पट्टे उमटतात. प्रवाहाविरुद्ध जाताना जमिनीवरचा वेग घटतो, तीच वस्तू लांबलचक दिसते. प्रवाहासोबत आखडते. वाळूच्या लाटांवर हे पट्टे आडवे पडले की जाळी तयार होते आणि डोळ्याला खोल्या दिसतात.

तपासायची रीत अशी. भांगाच्या दिवसांत जायचं, उधाणात नाही. प्रत्येक रेषा दोन्ही दिशांनी चालवायची आणि शेजारच्या रेषेशी निम्मा पट्टा एकमेकांवर ठेवायचा. मग तीच रचना काटकोनातल्या रेषांवर पुन्हा बघायची. तिन्ही वेळा त्याच अक्षांश-रेखांशावर त्याच मापाची दिसली, तरच ती तळावर आहे. उंची सावलीवरून काढता येते : सावलीची लांबी गुणिले माशाची तळापासूनची उंची, भागिले माशापासून सावलीच्या टोकापर्यंतचं तिरकस अंतर.

एवढं जमलं तरी ते बांधकाम ठरत नाही. कोकणातल्या मंडळींना करळ माहीत आहे : चुन्याने सांधलेली शंख-शिंपल्यांची वाळू. पुळणीवर तिला सरळ भेगा पडतात आणि घडवलेल्या चिऱ्यांच्या ओळीसारखी दिसते. किनाऱ्याला समांतर जाणारे बेसाल्टचे डाइक, म्हणजे भेगेत लाव्हा थिजून बनलेल्या उभ्या पट्ट्या, तर हुबेहूब भिंती : रुंदी एकसारखी, आडवे सांधे, किलोमीटरच्या किलोमीटर लांब. भिंत आणि डाइक यांतला फरक तळाखाली दिसतो. भिंतीचा पाया दोन-तीन मीटरवर संपतो, डाइक खाली खडकात जातो. त्यासाठी सब-बॉटम प्रोफायलर, म्हणजे तळाखालचे थर ध्वनीने दाखवणारं उपकरण, हवं. आणि तिथेच अडतं. आपल्या किनाऱ्याजवळच्या चिखलात ठिकठिकाणी वायू अडकलेला आहे, त्याच्या पलीकडे ध्वनी जात नाही, चित्रावर काळा पडदा येतो.

नांगरदोर

सगळे खंभातवर अडकलेत. मला ओहोटी आणि भूस्तर दोघांचंही पटत नाही. मुळात ती जागाच सोडून द्या.

उत्तर समुद्रात डॉगरलँड या बुडालेल्या भूभागाचं काम कसं झालं बघा. १९३१ मध्ये एका मासेमारी जहाजाच्या जाळ्यात पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, गोळ्यात हरणाच्या शिंगाचं काटेरी टोक आलं. तिथून सत्तर वर्षांनी खरा नकाशा झाला, तोही पुरातत्त्वाच्या जहाजाने नाही. बर्मिंगहॅमच्या गटाने तेलशोधासाठी केलेल्या भूकंपीय पाहणीची माहिती मागून घेतली आणि तिचा वरचा, तेलवाल्यांना नको असलेला थर वाचला. नद्या, सरोवरं, किनारे, सगळं उलगडलं.

आपल्याकडे मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये तेल सापडलं, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर, पाणी ७५ मीटरच्या आसपास. शिंपल्याने दिलेली वक्ररेषा लावा : १२,५०० वर्षांपूर्वी समुद्र ८० मीटर खाली, आणि मग अडीच हजार वर्षं तिथेच. म्हणजे एवढा काळ मुंबई हायच्या आसपास किनारा होता! मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ भारतात सर्वांत रुंद पट्ट्यांपैकी एक आहे. तिथल्या फिफ्टी फॅदम फ्लॅट नावाच्या सपाट तळावर चुनखडीचे बारीक गोल कण मिळतात, ते कोमट, उथळ, हलत्या पाण्यातच बनतात. जुना किनारा तिथे स्वतःची सही करून गेला आहे. माहिती तिजोऱ्यांमध्ये पडून आहे, नवं जहाजही लागत नाही.

शिंपला

नांगरदोर, कल्पना चांगली, पण एक अट सांगायला हवी. तेलशोधाच्या भूकंपीय माहितीत उभी बारकाई काही मीटरांची असते. दोन किलोमीटर रुंद नदीपात्र दिसेल, चूल दिसणार नाही. डॉगरलँडमध्येही माणसाचा माग काढायला शेवटी गाळाचे कोअरच, म्हणजे नळीने काढलेले उभे नमुने, काढावे लागले.

शिवाय ७५ मीटरवर कोअर काढणं आणि २० मीटरवर काढणं यांच्या खर्चात मोठा फरक पडतो.

भूस्तर

मग माझाच मुद्दा परत येतो. कोअर काढायचेच असतील तर खंभातच्या जुन्या पात्रात का नाही? तिथे निदान काहीतरी सापडल्याचा दावा आहे. मुंबई हायजवळ तेवढंही नाही.

आणि 'पुरावा पक्का नाही' म्हणून थांबायचं, तर ऑस्ट्रेलियाचं काय करायचं? मुरुजुगाजवळ २०२० मध्ये २६९ दगडी हत्यारं जाहीर झाली, जेमतेम अडीच मीटर पाण्यात. पाणबुड्यांनी हाताने उचललेली, प्रत्येकीची जागा नोंदलेली. तरी २०२२ मध्ये इतर संशोधकांनी आक्षेप घेतला की ती किनाऱ्यावरून वाहून आलेली असू शकतात. वाद झाला, पण काम थांबलं नाही.

ओहोटी

भूस्तर, मुरुजुगाचं उदाहरण माझ्या बाजूने जातं. स्वच्छ, उथळ पाण्यात, हाताने वेचून, एकेकीची जागा नोंदूनही वाद मिटत नाही. मग गढूळ पाण्यात, ४० मीटरवर, ड्रेजने काय मिटणार? खंभातमध्ये पाणबुड्याला हातभर अंतरावरचंही दिसत नाही आणि पाणी स्थिर असण्याचा काळ फार थोडा.

इस्रायलच्या अतलित यामकडे बघा. १९८४ मध्ये सापडलेलं, ८ ते १२ मीटर पाण्यातलं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं गाव. तिथला निर्णायक पुरावा म्हणजे साडेपाच मीटर खोल विहीर. विहीर जागची हलत नाही, प्रवाह तिला आणून टाकत नाही. गोडं पाणी कुठवर होतं हे ती सांगते आणि पाणी खारट झाल्यावर लोकांनी तिच्यात टाकलेला कचरा समुद्र वर आल्याचं सांगतो. आपल्याला असं काहीतरी हवं, जे जागेला खिळलेलं आहे.

ते मुंबईत आहेसुद्धा. एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराची खोडं मुळांसकट उभी सापडली होती. खैर काही खाऱ्या चिखलात उगवत नाही. जमीन खचली की समुद्र चढला यावर आजही मतं आहेत. तो वाद सोडवता येण्यासारखा आहे, कारण उभं खोड म्हणजे पक्की जागा आणि पक्की पातळी.

माझा प्रस्ताव त्यामुळे असा : कोकणच्या खाड्यांच्या तोंडांसमोर, ५ ते २५ मीटर पाण्यात, बुजलेल्या नदीपात्रांवर व्हायब्रोकोअर, म्हणजे थरथरवत गाळात घुसवलेल्या नळीने काढलेले कोअर. प्रत्येक खाडीला एक रांग, सहा मीटरच्या नळ्या.

शिंपला

तसं करायचं तर तपशील आधी ठरवा, नाहीतर ड्रेजचीच गत होईल.

सहा मीटर नळी आत गेली म्हणजे सहा मीटर गाळ आला असं नसतं. चिखल दबतो, साडेचार मीटरच हाती येतो. किती आत गेली आणि किती भरली, दोन्ही आकडे जागेवरच लिहायचे, नाहीतर थरांच्या खोल्या चुकतात. शिंपल्यांचा दाट थर लागला की नळी अडते. जोर लावत बसण्यापेक्षा जागा दहा मीटर सरकवावी. मीटरभराचे तुकडे करून टोकं बंद करायची आणि चार अंशांवर ठेवायचे. वाळूचं वय प्रकाश-प्रदीपन पद्धतीने काढायचं असेल तर नळी अपारदर्शक हवी आणि लाल दिव्यातच उघडायची. पांढऱ्या दिव्यात उघडली की वयाचं घड्याळ शून्यावर.

थरांमध्ये कांदळवनाचा पीट शोधायचा. तिवरं मध्यम पातळी आणि उधाणाची रेषा यांच्यामध्येच वाढतात, म्हणून त्यांचा पीट समुद्र कुठे होता हे सांगतो. वय शिंपल्यांवरून काढलं तर समुद्रातल्या जुन्या कार्बनमुळे सुमारे चारशे वर्षं जास्त येतात, ती वजा करावी लागतात, शिवाय स्थानिक दुरुस्ती वेगळी. आणि पीट खालच्या मऊ चिखलावर बसला असेल तर तो स्वतःही खाली दबलेला असतो. खडकावर थेट बसलेलाच धरायचा.

भूस्तर, तुमच्या खंभातलाही हेच माप लागेल, पण दहा मीटर भरतीच्या जागी मध्यम पातळी ते उधाण हाच पट्टा पाचेक मीटरचा. कोकणात तो दोन-अडीच मीटरचा. त्याच खर्चात दुप्पट नेमकं उत्तर मिळतं.

भूस्तर

भरतीच्या पट्ट्याचा हा हिशेब मी केला नव्हता. पहिली रांग कोकणात, हे मान्य.

एक मागणी मात्र सोडत नाही. त्याच हंगामात भांगाच्या चार दिवसांत खंभातच्या त्या रचनांवरून, तळमाप यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही दिशांनी आणि काटकोनात सोनार फिरवावा. ड्रेज नको, कोअर नको. फक्त तेवढं. रचना जागच्या जागी त्याच मापाच्या दिसल्या नाहीत तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. दिसल्या तर पुढचा कोअर तिथे.

तळमाप

चार दिवस पुरतील. जागा ९ किलोमीटर लांबीची सांगितली आहे. १०० मीटर पल्ला, म्हणजे २०० मीटर रुंद पट्टा, निम्मा एकमेकांवर, दोन किलोमीटर रुंदीला वीस रेषा. त्या दोन्ही दिशांनी. वर काटकोनातल्या रेषा तेवढ्यात बसत नाहीत, म्हणून सगळीकडे न चालवता जिथे चौकोन सर्वांत स्पष्ट सांगितले आहेत तिथेच, दोन किलोमीटरच्या तुकड्यावर. २००१ ची मूळ सोनार नोंद, तेव्हाच्या जहाजाच्या दिशा आणि वेगासकट, आधी मिळायला हवी. ती नसेल तर जुळवायचं कशाशी?