इंडिकेटर उजवीकडे, गाडी डावीकडे! काय करावं?

मंडळी, मदत हवी आहे. गाडीला नाही, माझ्या डोक्याला.

मी रोज दुचाकीवर असतो. इंडिकेटर न देता वळणाऱ्यांची आता सवय झालीय. खरा घोळ घालतात ते उजवा इंडिकेटर लावून सरळच जाणारे. काल असाच एक पुढे होता. वळेल, आता वळेल म्हणून मी मागे रेंगाळलो. शेवटी डावीकडून गाडी काढली आणि नेमका तेव्हाच तो डावीकडे वळला! वर डोळे माझ्यावरच वटारले.

चारचाकीत वळणानंतर स्टिअरिंग सरळ झालं की इंडिकेटर आपोआप बंद होतो, पण लेन बदलताना चाक फारसं फिरतच नाही, मग तो लुकलुकत राहतो. बहुतेक दुचाक्यांवर तर हातानेच बंद करावा लागतो. म्हणजे विसरणं एकवेळ समजू शकतो. (सरळ जायचंय म्हणून चारही दिवे लावणाऱ्यांना मात्र माफी नाही.)

तर अशांना चालत्या गाडीवरून, भांडण न होता, कसं सांगता? मी मूठ उघडझाप करून दाखवतो, तर लोक उलट हात हलवून निरोप देतात. आणि माझाही चालू राहू नये म्हणून बझर बसवायचा विचार आहे. कुणी बसवलाय का? हेल्मेटमधून, गर्दीच्या गोंगाटात ऐकू येतो का?