जुन्या कॉमिक्समधले चिल्लर व्हिलन कोणाकोणाला आठवतात? (अनुभव धागा)

अंबडचा_फिटर: काल कंपनीच्या कामाने नाशिकच्या अंबडला एका भंगाराच्या यार्डात गेलो होतो, तिथे ती मॅग्नेटवाली क्रेन चालू होती, खालून पत्रे उड्या मारून चिकटत होते आणि माझ्या तोंडातून एकदम निघालं "चुंबा!" सोबतचा पोरगा बघतच राहिला. त्याला काय कळणार, राज कॉमिक्सचा हिरो सुपर कमांडो ध्रुव, त्याचा लोहचुंबकवाला व्हिलन तो. रात्री मित्राकडून जुने अंक आणले आणि वाचत बसलो तर गंमत अशी की ज्यांना आपण तेव्हा भारी समजायचो, म्हणजे ग्रँडमास्टर रोबो, चंडकाल वगैरे, ते आता कंटाळवाणे वाटले, नुसती भाषणं ठोकतात. चिल्लर व्हिलन मात्र अजून मजा देतात कारण एकेकाकडे एकच युक्ती, आणि ध्रुवकडे तर शक्तीच नाही ना, तोंडावर मास्कसुद्धा नाही, सर्कशीत वाढलेला पोरगा, मग तो शाळेतलं सायन्स नाहीतर हाताशी असेल ते वापरणार. तो कसा सुटणार हे आपणही डोक्यात जुळवत बसायचो. नागराजच्या वेळी असं कधी झालं नाही, त्याच्याकडे साप होतेच. तर लिहा तुमचे चिल्लर व्हिलन.

सिडकोकर: बौना वामन!!! खेळण्यांनी माणसं मारणारा. त्याच सुमारास आजीने गंगेवरच्या (म्हणजे आपल्या गोदावरीवरच्या) बुधवारच्या बाजारातून झांजा वाजवणारं चावीचं माकड आणलं होतं, शोकेसमध्ये ठेवलेलं, रात्री पाणी प्यायला उठलो की मी आधी त्याचं तोंड भिंतीकडे करायचो. सकाळी आई परत सरळ करायची. मी काही बोलायचो नाही, ती काही विचारायची नाही.

पंचवटी_१: ध्वनिराज. गणपतीत आमच्या बिल्डिंगखाली दहा दिवस मुक्कामाला असतो.

सिडकोकर: 😂😂 आमच्याकडे नवरात्रात पण

नोटप्रेस_कॉलनी: तुम्ही सगळी नंतरची पोरं. आमचं इंद्रजाल कॉमिक्स, 1964 ला सुरू झालं आणि 1990 ला बंद पडलं, मराठीतही यायचं. वडील ड्युटीवरून येताना नाशिकरोड स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणायचे आणि आधी स्वतः वाचायचे, चहा होईपर्यंत आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. वेताळचे (फँटमचे) चाचे सगळ्यांना आठवतात, पण माझा लाडका जादूगार मँड्रेकमधला क्ले कॅमल. वेषांतरात एक नंबर, आणि चोरी केली की जागेवर मातीचा छोटा उंट ठेवून जायचा. आम्ही गंगेची माती आणून उंट बनवले, वाळवले, आणि वर्गात ज्याचा डबा खाल्ला त्याच्या डब्यात एकेक ठेवला. उंटाची मान वाळताना तुटायची म्हणून निम्मे उंट डुकरासारखे दिसत होते. गणिताच्या सरांनी ते टेबलावर मांडले आणि म्हणाले, हे डुक्कर कोणाचं ते पुढे या.

अंबडचा_फिटर: काका तुम्ही पुढे गेलात का?

नोटप्रेस_कॉलनी: डबा भेंडीचा होता, वर शिक्षा कशाला घेऊ.

इंदिरानगर_ताई: आमच्या घरी कॉमिक्स भावाच्या नावावर यायचे, लायब्ररीचं कार्ड त्याचं, भाडं माझ्या खाऊच्या पैशातलं. मला रोबोपेक्षा रोबोची मुलगी नताशा आवडायची, बाप व्हिलन आणि जीव हिरोवर, तिचं सगळं अवघड. आणि ती ध्रुवची बहीण श्वेता! घरात राहून मास्क घालून चंडिका बनते, गुन्हेगारांशी लढते आणि एवढा हुशार ध्रुव, गुन्हेगाराच्या बुटाच्या ठशावरून माग काढणारा, त्याला किती अंक बहिणीचा पत्ताच नाही. भाऊ लोकांचं असंच असतं म्हणा. आमच्याला अजून माहीत नाही त्याचे अंक रद्दीत कोणी घातले. जाऊ दे, कुकरची शिट्टी झाली, येते.

सिडकोकर: ताई 😳

भद्रकालीवाला: रद्दीचं तरी बरं. आमचे सगळे 2008 च्या पुरात गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत खालच्या फळीवर होते, माणसं नदीतला दुतोंड्या मारुती (त्यावरूनच आम्ही पुराचं पाणी मोजतो) कुठवर बुडाला ते बघायला पुलाकडे आणि मी इकडे धान्याची पोती वर चढवतोय. पाणी उतरल्यावर बघतो तर गठ्ठ्याची वीट झालेली, पानं सुटी करायला गेलो की ध्रुवचं डोकं एकीकडे आणि मोटरसायकल दुसऱ्या पानाला चिकटलेली. पिवळा रंग मात्र गेला नाही, तो सगळ्यांना लागला.

पंचवटी_१: अरेरे. आमच्याकडे तेव्हा फ्रिज तरंगला होता.

इंदिरानगर_ताई: वाईट वाटलं दादा. 2016 ला पण पाणी आलं होतं ना तुमच्याकडे?

भद्रकालीवाला: आलं ना. तोवर शहाणे झालो होतो, सगळं माळ्यावर.

कॉलेजरोड_९०: थोडांगा कोणी लिहिला नाही अजून?

अंबडचा_फिटर: तो नागराजचा. चालेल, पण चिल्लर म्हणू नका त्याला.

कॉलेजरोड_९०: बरं ती रविवार कारंज्याजवळ जिन्याखालची लायब्ररी आठवते का कोणाला, रुपया भाडं आणि पान फाटलं तर पाच रुपये, शेवटचं पान आधीच फाटलेलं असायचं त्यामुळे मला कित्येक व्हिलनचं पुढे काय झालं हे आजवर कळलेलं नाही

सिडकोकर: ती जिन्याखाली नव्हती, मिसळवाल्याच्या बाजूला

कॉलेजरोड_९०: मिसळवाला जिन्यासमोर रे. पापड मोडून टाकायचा तो. त्याचा रस्सा काळा होता का लाल?

पंचवटी_१: काळा. लाल म्हणणारे नाशिकचे नाहीत.

नोटप्रेस_कॉलनी: फिटर, ते अंक वाचून झाले की इकडे पाठव. उंट सोडून दुसरं काहीतरी वाचतो म्हणतो.

अंबडचा_फिटर: पाठवतो काका. डिपॉझिट लागेल, भेंडी चालणार नाही.