रिक्त जागा आणि भरती-गळतीचा मासिक सर्व्हे: बेरीज का लागत नाही?

मोजणीदार

सुमारे 300 आस्थापनांचा मासिक सर्व्हे आखतोय. साचा अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या ‘जोल्ट्स’ या मासिक सर्व्हेचा घेतला आहे. त्यात चार गोष्टी विचारतात: 12 तारीख ज्या पगारकाळात येते त्यातली कामगारसंख्या, महिनाभरातली भरती, महिनाभरात सोडून गेलेले किंवा काढलेले लोक, आणि महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी रिक्त असलेल्या जागा.

चाचणीच्या फॉर्मांत हिशेब बसत नाही. एका फॉर्मवर मार्चची संख्या 240 आणि एप्रिलची 251 आहे, म्हणजे वाढ 11. पण मार्चची भरती 14 आणि गेलेले 9, म्हणजे वाढ फक्त 5. चूक फॉर्मची की एचआरची? शिवाय कितीतरी आस्थापना रिक्त जागा शून्य लिहितात आणि पुढच्याच महिन्यात भरती दाखवतात. असे फॉर्म परत पाठवावेत का?

हजेरीपट

तुमच्या उदाहरणात कोणीच चुकलेलं नसण्याची शक्यता जास्त आहे. संख्या मोजली 12 ते 12, आणि ये-जा मोजली 1 ते 31. 1 ते 11 मार्चची ये-जा 240 या आकड्यात आधीच धरली गेली आहे, आणि 1 ते 12 एप्रिलची ये-जा मार्चच्या रकान्यात आलेलीच नाही. दोन खिडक्या वेगळ्या असल्या की एकेका आस्थापनेचा हिशेब जुळेलच असं नाही. जोल्ट्समध्येही तो फॉर्मच्या पातळीवर जुळत नाही. तिथे भरती वजा गळती ही एकत्रित पातळीवर त्याच ब्युरोच्या मोठ्या आस्थापना-सर्व्हेतल्या रोजगारबदलाशी जुळवून घेतात.

तुमच्याकडे जुळवायला दुसरा मोठा सर्व्हे नसेल, तर फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवा: महिना सुरू होताना पटावर किती आणि महिना संपताना किती. मग सुरुवातीचे 244, अधिक 14, वजा 9, बरोबर 249 असा ताळा फॉर्म भरतानाच लागतो. दरासाठी छेद म्हणून 12 तारखेची संख्या हवी तर ठेवा, पण ताळ्यासाठी ती वापरू नका.

हे करूनही फरक उरला, तर तो बहुधा पुढच्या जागी सापडतो.

एक म्हणजे बदल्या. सर्व्हेचं एकक आस्थापना आहे, कंपनी नव्हे. त्याच कंपनीच्या दुसऱ्या ठिकाणाहून आलेला माणूस ‘भरती’त जातो आणि तिकडे गेलेला गळतीच्या ‘इतर’ प्रकारात. एचआरला हे पटत नाही, कारण त्यांच्या लेखी कोणी आलंही नाही आणि गेलंही नाही. ही सूचना रकान्याच्या शेजारीच छापा, मागच्या पानावर नको.

दुसरं, कंत्राटदाराच्या मस्टरवरची माणसं. ती ना संख्येत, ना भरतीत, ना गळतीत. बरेच फॉर्म ती संख्येत धरतात आणि ये-जा मात्र फक्त स्वतःच्या लोकांची लिहितात.

तिसरं, बिनपगारी रजा. माणूस पगारपत्रकातून गळतो, पण नोकरी सुटलेली नसते.

चौथी चूक ताळ्यात दिसतच नाही, म्हणून ती सगळ्यांत वाईट. 5 तारखेला लागलेला आणि 20 तारखेला सोडून गेलेला माणूस महिनाअखेरच्या यादीत नसतो, त्यामुळे तो भरतीतूनही सुटतो आणि गळतीतूनही. निव्वळ बदल बरोबर येतो, माणसांची एकूण ये-जा मात्र कमी दिसते. प्रश्नातच लिहा: ‘याच महिन्यात लागून याच महिन्यात गेलेले दोन्हीकडे धरा.’

भारित

शून्य रिक्त जागांचे फॉर्म परत पाठवू नका. रिक्त जागा एका दिवशी मोजल्या जातात, भरती महिनाभर. 3 तारखेला जाहिरात देऊन 18 ला भरलेली जागा कुठल्याच महिनाअखेरीला दिसत नाही. स्टीव्हन डेव्हिस, जेसन फेबरमन आणि जॉन हॉल्टिवँगर यांनी 2013 मध्ये जोल्ट्सच्या आस्थापनानिहाय नोंदींवरून दाखवलं की महिनाअखेरीला एकही रिक्त जागा न दाखवणाऱ्या आस्थापनांतच पुढच्या महिन्याची 42 टक्के भरती होते. म्हणजे तुमच्या फॉर्मांत जे दिसतंय ते या मोजमापाच्या स्वभावातच आहे.

तपासायचं ते शून्य आणि कोरा रकाना यांतलं अंतर. कोरा म्हणजे शून्य नव्हे. ‘नाही’साठी वेगळा चौकोन द्या आणि कोरा आला तर फोन करा. डेटा एंट्रीत एकदा का कोऱ्याचं शून्य झालं, की नंतर ते वेगळं काढता येत नाही.

रिक्त जागेची व्याख्या तीन अटींत बांधा आणि तिन्ही एकदम लागू करा: ठरावीक काम प्रत्यक्ष उपलब्ध आहे, 30 दिवसांत रुजू होता येईल, आणि आस्थापनेबाहेरच्या माणसाचा शोध चालू आहे. फक्त अंतर्गत बढतीने भरायची जागा यात येत नाही. एका जाहिरातीत पाच जागा असतील तर पाच मोजा. उलट, बारमाही लटकणाऱ्या जाहिरातीमागे आज घ्यायचं कोणीच नसेल, तर शून्य. जाहिराती मोजणं आणि जागा मोजणं यांतला फरक इथेच आहे, आणि मालकाला विचारायचं ते त्याचसाठी.

दर काढताना दोन सापळे. 240 कामगार आणि 10 रिक्त जागा असतील तर जोल्ट्सच्या पद्धतीने 10 भागिले 250, म्हणजे 4.0 टक्के. युरोपीय संघाचं सूत्रही रिक्त जागा छेदात धरतं. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय मात्र दर 100 नोकऱ्यांमागे रिक्त जागा देतं. त्या हिशेबाने हेच 4.2 होतात. तुलना करण्याआधी छेद बघा. दुसरा सापळा सरासरीचा. 5 जणांच्या आस्थापनेत 1 भरती म्हणजे 20 टक्के, 500 जणांच्या आस्थापनेत 10 म्हणजे 2 टक्के. दोन्ही दरांची सरासरी 11 येते, खरा दर मात्र 505 मागे 11, म्हणजे 2.2. आधी भार (नमुन्यातली एक आस्थापना एकूण किती आस्थापनांच्या वतीने मोजायची तो आकडा) लावून बेरजा करा, मग भागा.

मोजणीदार

खिडक्यांचा मुद्दा लक्षात आला, दोन रकाने वाढवतो. दोन अडचणी उरल्या. नेमणूकपत्र दिलं, उमेदवाराने होकार दिला, पण रुजू व्हायला महिना आहे: हा माणूस कुठे धरायचा? आणि नोटीस पिरियडवर असलेल्याची जागा रिक्त म्हणायची का? शिवाय गेलेल्यांचं राजीनामा, कपात, इतर असं वर्गीकरण प्रत्येक एचआर वेगळं करतंय.

हजेरीपट

होकार मिळालेली जागा रिक्त नाही, आणि माणूस रुजू होऊन पगारपत्रकावर येईपर्यंत भरतीही नाही. मधल्या काळात ती कुठल्याच रकान्यात नसते, आणि तसंच असायला हवं. तो आलाच नाही आणि शोध पुन्हा सुरू झाला, तर ती परत रिक्त मोजा.

नोटीस पिरियडचा माणूस शेवटच्या दिवसापर्यंत संख्येत राहतो. गळती शेवटच्या दिवसाच्या महिन्यात लिहा, राजीनाम्याच्या तारखेला नव्हे. त्याच्या जागी बाहेरचा माणूस शोधणं सुरू झालं असेल आणि 30 दिवसांत रुजू होता येणार असेल, तर ती जागा आजच रिक्त धरा. युरोपीय संघाच्या व्याख्येत ‘लवकरच रिकामी होणारी’ जागा स्पष्ट शब्दांत येते.

वर्गीकरणात गोंधळ होतो तो कडेच्या प्रकारांचा. निवृत्ती आणि मृत्यू ‘इतर’मध्ये, स्वेच्छेने घेतलेली निवृत्तीही राजीनामा नाही. न सांगता यायचा बंद झालेला राजीनाम्यात. हंगाम संपल्यावर थांबवलेले हंगामी कामगार ‘कपात’मध्ये, मुदत आधीच ठरलेली असली तरी, बहुतेक जण हे ‘इतर’मध्ये टाकतात. सात दिवसांपर्यंतची तात्पुरती कपात मोजू नका; त्याहून लांबली की गळती, आणि परत बोलावलं की भरती. राजीनाम्याचा आकडा लोकांना दुसरी नोकरी मिळण्याची किती खात्री आहे हे सांगतो, कपातीचा आकडा मालकाची अवस्था सांगतो. दोन्ही मिसळले तर सर्व्हेतली सर्वांत उपयोगी माहिती गेली.

तक्ता सात

वरच्या सूचना योग्य आहेत, पण रकाने वाढवताना हात आखडता ठेवा. ब्रिटनचा रिक्त जागांचा सर्व्हे दरमहा सुमारे 6,000 व्यवसायांकडे जातो आणि मुळात एकच प्रश्न विचारतो: अमुक दिवशी बाहेरून माणूस घेण्यासाठी एकूण किती जागांवर शोध चालू होता? प्रतिसाद टिकवण्यात त्या आखूडपणाचा मोठा वाटा आहे. जोल्ट्स सुमारे 21,000 आस्थापनांना विचारतो, आणि महासाथीनंतर त्याचा प्रतिसाद निम्म्याहून बराच खाली गेला.

300 च्या नमुन्यात मोठ्या आस्थापना सगळ्याच घ्या. लहान निवडताना आकार आणि उद्योग यांनुसार स्तर, म्हणजे गट करा, पण स्तर इतके बारीक नकोत की एकेका स्तरात चार-पाचच फॉर्म उरतील. उद्योगनिहाय राजीनामा-दर या नमुन्यातून दरमहा छापू नका, तीन महिन्यांची सरासरी द्या.

फॉर्म न आलेल्यांत दोन प्रकार असतात, ते वेगळे करा. प्रतिसाद दिला नाही, तर त्याच स्तरातल्या इतरांचा भार वाढवा. बंद पडली असेल, तर मागच्या महिन्याची पूर्ण संख्या कपातीत जाते आणि नवी संख्या शून्य. बंद पडलेल्यांना ‘प्रतिसाद नाही’ म्हटलं, की मंदीत कपात सर्वांत कमी दिसते, नेमकी जेव्हा ती मोजायची असते. नव्या आस्थापनांचं उलट: यादी वर्षातून एकदाच ताजी केली तर त्यांची सुरुवातीची भरती सुटते. यादी निदान तिमाहीला तपासा.

पहिले काही महिने आकडे फोनवर घ्या. व्याख्या तिथेच समजावता येतात, मग वेब फॉर्मवर न्या. हंगामी समायोजन (दरवर्षी ठरावीक महिन्यांत होणारे चढउतार आकड्यांतून वजा करणं) तीन वर्षांचे मासिक आकडे हाती आल्याशिवाय करू नका, तोवर मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना. आणि मासिक राजीनामा-दराला 12 ने गुणून ‘वर्षात इतके टक्के लोक गेले’ असं लिहू नका. महिन्याला 2.5 टक्के म्हणजे वर्षाला 30 राजीनामे दर 100 जागांमागे, पण त्यात एकच खुर्ची तीनदा रिकामी झालेली असू शकते.