रॅट पार्कवरून पोरांचे संस्कार काढू नका

मानकापूरची सोनाली: काल इथे ‘धरमपेठी’ यांनी लिहिलं, "चांगल्या पिंजऱ्यात उंदरांनी मॉर्फिन टाळलं, म्हणजे पोरगा व्यसनी झाला तर दोष घरच्या संस्कारांचा." वाचून डोकं फिरलं. १९७० च्या दशकाच्या शेवटी मानसशास्त्रज्ञ ब्रूस अलेक्झांडरच्या रॅट पार्कमधले, म्हणजे मोठ्या पिंजऱ्यात सोबतीनं राहणारे उंदीर एकट्या कोंडलेल्यांपेक्षा कमी मॉर्फिन (अफूपासूनचं वेदनाशामक) प्यायले, हे खरं. पण लुईस आणि फिशर जातीचे उंदीर सारख्याच पिंजऱ्यात ठेवले तर मॉर्फिन मिळवायला लुईसवाले पिंजऱ्यातली दांडी जास्त दाबतात. आता यात कोणाचे संस्कार काढता?

धरमपेठी: त्या जाती लॅबमध्ये भावाबहिणींचं मीलन करून तयार केलेल्या. माणसाचं बघा नं. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुतेक अमेरिकन सैनिक घरी परतल्यावर सुटले. ली रॉबिन्सचा अभ्यास आहे.

सोनाली: बहुतेक सुटले, सगळे नाही. मी त्या उरलेल्यांबद्दलच बोलते आहे. एकाच जातीचे उंदीरही सारखे नसतात. २००४ च्या प्रयोगात तीन महिने कोकेन मिळूनही संशोधकांनी ठरवलेली व्यसनाची तिन्ही लक्षणं साधारण १७ टक्क्यांतच दिसली. हेरॉइनवरही काही उंदीर अडकतात, काही नाही.

मेडिकल चौक: तुम्ही उंदरांवर भांडा. माझ्या बाबांना खर्ऱ्यानं, त्या तंबाखू-सुपारीनं, जबड्याचा कॅन्सर झाला. शेवटी दुखणं असं, की त्यांनी उशीचा अभ्रा दातांनी फाडला. डॉक्टर म्हणे, मॉर्फिन दिलं तर सवय लागेल! एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा २०१४ मध्ये सोपा केला तो कोणासाठी?

इतवारीचा केमिस्ट: भाऊ, सोपा कागदावर. २०१८ पासून ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही त्यात आलं. स्टॉकचा हिशोब आम्ही द्यायचा, कोडीनचं खोकल्याचं सिरप नाही म्हटलं तर पोरांच्या शिव्याही आम्हीच खायच्या.

मेडिकल चौक: त्या पोरांची शिक्षा माझ्या बाबांनी काहून भोगायची?

धरमपेठी: विषय भरकटवू नका. कॅन्सरच्या आडून अफू मोकळी करायची का? वेदनाशामकांच्या व्यसनानं अमेरिकेचं काय झालं ते पाहिलं नं?

मेडिकल चौक: आडून? माझा बाप गेला आहे. तोंड सांभाळून बोल.

सोनाली: विषय हाच आहे. घेईल तो प्रत्येक जण अडकतो असं धरलं, म्हणूनच बाबांना औषध मिळालं नाही.

धरमपेठी: ठीक, उंदरांच्या जातीजातीत फरक असतो, एवढंच मानतो. रॅट पार्क सोडत नाही. २०१८ मध्ये हेरॉइनची चटक लागलेल्या उंदरांनीही दुसऱ्या उंदराची सोबत निवडली.

सोनाली: सोबतीचा उपयोग मी नाकारलाच नाही. पण १९९६ मध्ये रॅट पार्कसारखा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो फरक मिळाला नाही. उंदरांचा वाण वेगळा असावा, असा एक अंदाज आहे.

केमिस्ट: ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी ऐका. मॉर्फिन मान्यताप्राप्त संस्थेतून मिळतं, यादीची चौकशी एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) करा. डॉक्टर नुसतं "सवय लागेल" म्हणाले तर पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना, म्हणजे दुखणं कमी करणाऱ्या डॉक्टरांना गाठा.