विंडोज आणि लिनक्स, गेम लायब्ररी एकच: तुमचे अनुभव सांगा

संत्राबर्फी: परवा भाच्याचा फोन. "मामा, लिनक्स टाकलं तर सगळे गेम परत डाउनलोड करावे लागतील का?" मला एकदम नागपुरातल्या मनीषनगरची भाड्याची खोली आठवली. २०१८ मध्ये स्टीममध्ये (गेम घ्यायचं-चालवायचं ॲप) प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन, आलं, त्याच्या जरा नंतरची गोष्ट. डेटा मोजून मिळायचा, ६० जीबीचा गेम दोनदा उतरवणं परवडत नव्हतं. म्हणून गेमची एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) ड्राइव्ह उबंटूत, म्हणजे माझ्या लिनक्समध्ये, माउंट केली (जोडून उघडली), स्टीममध्ये लायब्ररी म्हणून जोडली. गेम दिसले! प्ले दाबलं की मात्र क्षणात बंद.

भानगड अशी की प्रोटॉन कॉम्पॅटडेटा फोल्डरात प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह मांडतं. तिथे 'सी:' अशा नावाच्या सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) असतात, आणि फाइलच्या नावात कोलन विंडोजला चालत नाही. शेवटी कॉम्पॅटडेटा लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर नेलं, एनटीएफएसवर त्याची नुसती सिमलिंक ठेवली. तेव्हापासून सुरळीत. तुम्ही कसं जमवलं?

तर्रीपोहे: आधी फास्ट स्टार्टअप बंद करा!! शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच असते, मग लिनक्सला ती ड्राइव्ह रीड-ओन्ली मिळते, वाचता येते पण लिहिता नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /एच ऑफ टाइप करा. बाकी नंतर लिहितो, कुकरच्या शिट्ट्या झाल्या

कूलरची_टाकी: मे महिन्यात कोण गेम खेळते बाप्पा. पारा ४५ च्या वर गेला की लॅपटॉप आन् मी दोघंही थ्रॉटल होतो, तापून मंदावतो

संत्राबर्फी: 😂 कूलरची खस बदलली का यंदा?

कूलरची_टाकी: हाव, बर्डीवरून आणली. भाव नको विचारू

कर्नलकाकू: लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलात, ५.१५ पासून (२०२१) एनटीएफएस वाचणारा एनटीएफएस३ ड्रायव्हर आहे. आधी एनटीएफएस-३जी वापरायचो, ते फ्यूजमधून, म्हणजे कर्नलाच्या बाहेरून चालतं, मोठ्या गेमला सीपीयू खातं. एफएसटॅबमध्ये (कोणती ड्राइव्ह कशी जोडायची ते लिहिलेली फाइल) यूआयडी आणि जीआयडी, म्हणजे युजरचा आणि ग्रुपचा क्रमांक, १००० द्या (तुमच्या युजरचा तोच असेल तर), नाहीतर स्टीमला लिहायची परवानगी मिळत नाही. ड्राइव्ह 'डर्टी' (नीट बंद न झालेली) आहे म्हणून माउंट होत नसेल तर फोर्स करू नका. विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क चालवा.

रात्रपाळी: ते सारं ठीक आहे, पण माझं घड्याळ काहून बिघडते? लिनक्समधून विंडोजमध्ये आलो की साडेपाच तास मागे. सकाळी दहाला साडेचार दाखवून राहिलं होतं, आई म्हणे आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटते, पोरगा पहाटे उठला

कर्नलकाकू: लिनक्स हार्डवेअर घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. लिनक्समध्ये चालवा: टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १. आईला सांगू नका.

रात्रपाळी: 🙏🙏 झालं काकू

ढोकळाविरोधी: एक राहिलं. काही गेमांची लिनक्स आवृत्ती वेगळी असते. लिनक्समध्ये स्टीम त्या फाइली उतरवते, विंडोजमध्ये गेलं की परत उलटं. मग लायब्ररी एक ठेवून फायदा काय? गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉन सक्तीचं करा, म्हणजे दोन्हीकडे विंडोजच्याच फाइली.

छोटू_धरमपेठ: गेमची ड्राइव्ह एनटीएफएसऐवजी एक्सफॅट केली तर? ती पद्धत दोन्हीकडे चालते ना

ढोकळाविरोधी: त्यात सिमलिंकच नाहीत बे

तर्रीपोहे: आलो. आमच्याकडे धाकट्याला व्हॅलोरंट गेम लागते, त्याचं वॅनगार्ड (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही. म्हणून विंडोज काढता येत नाही, नाहीतर ही कसरत केलीच नसती. कोणी बीटीआरएफएस, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीची ड्राइव्ह विंडोजमध्ये वापरते का?

छोटू_धरमपेठ: दादा वापरतो, विनबीटीआरएफएस ड्रायव्हर टाकून. फक्त गेम ठेवतो त्यात, लग्नाचे फोटो नाही. वहिनीची सक्त ताकीद आहे

संत्राबर्फी: भाचा हे वाचून राहिला आहे, म्हणते एफएसटॅबची ओळ समजली नाही. काकू, पूर्ण टाका ना जी

कर्नलकाकू: टाकते. आधी त्याला लिनक्समध्ये सुडो ब्लकआयडी चालवून ड्राइव्हचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) काढून ठेवायला सांगा.