अनुभव: इलेक्ट्रिक गाडी पतपेढीच्या कर्जावर घेतली की रोख?

कोपरीकर
काल गाडीच्या आरसीवरचं एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, उतरल्याचा मेसेज आला. एनओसी जपून ठेवायला लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि हाताला लागलं बाबांचं पतपेढीचं पासबुक. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. कोपरे कुरतडलेला निळा पुठ्ठा, आत कारकुनाचं बारीक अक्षर. वर्गणी २०, हप्ता ११०, वर्गणी २०, हप्ता ११०, पानंच्या पानं हेच. त्या कर्जावर आमच्याकडे पहिला फ्रिज आला होता. शेवटच्या ओळीखाली लाल शाईत 'कर्ज निरंक' आणि दोन रेघा. मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

माझं कर्जही पतपेढीचंच, आमच्या ऑफिसच्या. २०२१ ला गाडी घेतली, ऑनरोड १४ लाख. एफडी मोडली असती तर सगळे एकरकमी देता येत होते आणि घरात बाकी सगळ्यांचं तेच मत होतं. आई एकटी अडून बसली, एफडीला हात लावायचा नाही. मग ६ लाख भरले, ८ लाख पतपेढीतून, ९ टक्के, घटत्या शिलकेवर (फेडून उरेल तेवढ्यावरच व्याज), ५ वर्षं. हप्ता १६,६०७, पगार हातात यायच्या आधीच कापला जायचा. एकूण व्याज गेलं १ लाख ९६ हजार. रक्कम लहान नाही.

पण २०२३ च्या पावसाळ्यात आईचीच बायपास झाली. तीच एफडी मोडली. रात्री साडेअकराला हॉस्पिटलच्या काउंटरवर उभी असताना मला कुणालाही फोन करावा लागला नाही.

तुम्ही गाडी कशी घेतलीत? पतपेढी, बँक, रोख, सोनं ठेवून, काहीही असो, लिहा.

खाडीपलीकडची
कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. आम्ही रोख. म्हणजे आरटीजीएस, २ लाख किंवा त्यावर नोटांनी घेणं कायद्यातच बसत नाही. ह्यांची व्हीआरएसची रक्कम आली होती, पगार बंद. पगार नसताना हप्ता कशाच्या जिवावर घ्यायचा? टियागो घेतली. शोरूममधला मुलगा तासभर मागे लागला होता, काका लोन करा, ॲक्सेसरीज देतो. हे म्हणाले, बाळा, ३१ वर्षं घराचे, शिक्षणाचे हप्ते भरले, आता पुरे. आईंची तब्येत कशी आहे आता?

कोपरीकर
छान आहे ताई. तलावपाळीला रोज एक फेरी मारते. परवा तर मलाच म्हणाली, तू हळू चालतेस.

गणिताचा_तास
पतपेढीत कर्ज घेणाऱ्यांनी एकच गोष्ट आधी विचारा, व्याज सरळ, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की घटत्या शिलकेवर. माझ्या मेहुण्याला एका ठिकाणी '८ टक्के सरळ' सांगितलं, तो खूश. बँक १० म्हणत होती. ५ लाख, ५ वर्षं करून बघा. सरळ ८ टक्क्यांनी व्याज २ लाख, हप्ता ११,६६७. घटत्या १० टक्क्यांनी व्याज १ लाख ३७ हजार, हप्ता १०,६२४. म्हणजे ८ वालं महाग, खरा दर १४ च्या आसपास जातो. त्याने सही करायच्या आदल्या रात्री मला फोन केला म्हणून वाचला.

खाडीपलीकडची
बापरे. हे ह्यांना वाचून दाखवलं.

गायमुख_घाट
पैशाचं सगळे बोलतात, चार्जिंगचं बोला. मी रोख घेतली आणि पॉइंटच्या खर्चाचा विचारच केला नव्हता. माझ्या मीटरपासून स्टिल्टमधल्या पार्किंगच्या जागेपर्यंत ४० मीटर केबल, पाइप, एमसीबी, वेगळं अर्थिंग, १५ ॲम्पियरचा सॉकेट. वायरमनने २८ हजार सांगितले तेव्हा खात्यात सगळे मिळून ३१ हजार होते. गाडी दारात आणि मी बायकोकडे पैसे मागतोय. त्यात कमिटीची परवानगी यायला चार महिने, कारण एका सभासदाला वाटत होतं की पावसात इमारतीत करंट उतरेल. मी वायरमनलाच मीटिंगला नेलं. त्याने टेबलावर गळती झाली की लगेच ट्रिप होणारा ब्रेकर ठेवला, बटण दाबून दाखवलं, खट्ट. ते आजोबा उठून म्हणाले, हे माझ्या गिझरलाही बसव.
गाडीचं विचाराल तर घाटाच्या उतारावर बॅटरी एखादा टक्का परत वर चढते, ते बघायला आजही आवडतं.

जामीन_राहिलेला
दुसरी बाजू लिहितो. मी कर्ज घेतलं नाही, जामीन राहिलो. सोबत काम करणारा, एकाच डब्यातून जेवणारा माणूस. त्याने नोकरी सोडली, पगारातून होणारी कपात थांबली, हप्ते थकले. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला, त्यात कर्जदाराबरोबर दोन्ही जामीनदारांची नावं. माझ्या पगारातून ११ महिने कापले. तो फोन उचलत नव्हता. माझ्या मुलीची दहावी होती त्या वर्षी.
सही करताना मी कागद वाचला नव्हता, फक्त 'इथे करा' म्हटलं तिथे केली.

खाडीपलीकडची
फार वाईट वाटलं वाचून. वहिनींना सांगितलं होतंत का?

जामीन_राहिलेला
चार महिने नाही. ओव्हरटाइम बंद झालाय म्हणालो. पगाराची स्लिप तिनेच पाहिली मग. काही बोलली नाही, फक्त क्लासची फी दोन भागांत द्यायला स्वतः जाऊन बोलून आली.

कोपरीकर
दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या दोन्ही जामीनदारांना मी काल पेढे दिले, पण आज पुन्हा फोन करते.

विवरणपत्र
आयकराच्या कलम ८०ईईबी चा उल्लेख कुणीच केला नाही? इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची दीड लाखापर्यंत वजावट. कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेलं हवं आणि जुनी करप्रणाली. कोपरीकर, तुम्ही त्या मुदतीत बसता, घेतलीत का?

कोपरीकर
नाही मिळाली. कर्ज बँकेचं किंवा ठरावीक वित्तकंपन्यांचं लागतं, पतपेढी त्या व्याख्येत येत नाही. हे मला सीएने पहिल्या वर्षीचं रिटर्न भरताना सांगितलं, तोवर हप्ते सुरू झाले होते. तेव्हा रडू आलं होतं खरंच. बँकेत फक्त विचारून जरी आले असते तरी हिशोब वेगळा झाला असता.

विवरणपत्र
आता घेणाऱ्यांना तसाही हा फायदा नाही. १० लाखांच्या वरची गाडी असेल तर शोरूम १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ आयकर, घेतं, ते मात्र रिटर्नमध्ये दाखवून वळतं करून घ्या, रोख असो की कर्ज. बरेच जण सोडून देतात.

नौपाडा_ते_न्यूजर्सी
वाचताना डोळे भरले, माझे आजोबाही वागळेला होते. इकडे आम्ही २०२४ ला क्रेडिट युनियनकडून घेतली. मला तर ती आपली पतपेढीच वाटते, सभासदांच्या मालकीची, आधी खातं उघडून सभासद व्हायचं. फरक एवढाच की जामीनदार कुणी मागितला नाही, क्रेडिट स्कोअर बघितला. आणि ठेवींना अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी विमा. केंद्राची साडेसात हजार डॉलरची करसवलत डीलरनेच किमतीतून वजा केली, ती रोख घेणाऱ्यालाही तेवढीच होती. ३० सप्टेंबर २०२५ नंतर तीही बंद.

गणिताचा_तास
विम्याचं बरं काढलंत. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतपेढीतल्या ठेवीला तो नाही. कोपरीकर, ती एफडी कुठे होती?

कोपरीकर
बँकेत. बाबांचीच शिकवण, पतपेढीतून घ्यावं, पण सगळं तिथेच ठेवू नये.

उलव्याचा_वारा
धागा पूर्ण वाचला नाहीये, ट्रेनमध्ये आहे. अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाडीला ऑगस्ट २०२५ पासून टोल माफ. आधी एका बाजूचे २५० जायचे, मी आठवड्यातून तीनदा शिवडीला जातो. माझा बँकेचा हप्ता १४ हजार, त्यातले ६ हजार या टोलमधूनच सुटतात. घ्यायच्या आधी आपला रोजचा रस्ता बघा एवढंच म्हणेन. वाशी आली, उतरतो.

गायमुख_घाट
कोपरीकर, एचपी काढायला काय काय लागलं? भावाचं पुढच्या महिन्यात संपतंय, त्याचंही पतपेढीचंच.

कोपरीकर
फॉर्म ३५ दोन प्रतींत, पतपेढीची एनओसी, मूळ आरसी, विमा. पीयूसी लागत नाही इलेक्ट्रिकला. दोन्ही प्रतींवर पतपेढीचा सही-शिक्का आहे ना ते तिथेच खिडकीशी उभं राहून तपासायला सांगा भावाला. माझ्या एका प्रतीवर राहिला होता, तेवढ्यासाठी अर्धी रजा गेली.