पद्धत एक, प्रसंग वेगळे

‘एका देशात पास झालेली स्वयंचलित गाडी दुसऱ्या देशात पुन्हा का तपासायची?’ हा प्रश्न रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारातले देश, दोघांनी स्वीकारलेल्या नियमांपुरती, एकमेकांची वाहनमंजुरी मानतात. आपोआप लेन धरून चालणाऱ्या गाड्यांसाठी २०२१ पासून नियम क्र. १५७ सुद्धा आहे. पण अमेरिका त्या करारात नाही. तिथे गाडी नियमांत बसते असं कंपनी स्वतःच प्रमाणित करते, युरोपात सरकारी मंजुरी आधी लागते.

मला खरी अडचण त्याच्या पुढची वाटते. ब्रेकचं अंतर कुठेही सारखंच मोजता येतं, समोरचा पादचारी काय करेल ते नाही. म्हणून मोजण्याची पद्धत आणि अपघातांच्या नोंदी समान असाव्यात. चाचणीचे प्रसंग मात्र प्रत्येक देशाने आपल्या रस्त्यांवरून निवडावेत. आणि सॉफ्टवेअर अपडेटने गाडीचं वागणं बदललं, तर ते प्रसंग पुन्हा तपासलेच पाहिजेत.